बोक्याला बुधवारपासून शी नाही, घरच्या घरी काय करता येईल?

पाथर्डीफाट्याची_सई
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, इथे बरेच मांजरवाले आहेत म्हणून विचारते, हसू नका. आमचा बोका गोट्या, वय सात, नसबंदी झालेली, वजन सहा किलोच्या आसपास म्हणजे चांगलाच गुबगुबीत. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाहेर अजिबात जात नाही. बुधवारी सकाळी शी केली तीपण अगदी कोरडी, बकरीच्या लेंड्या असतात ना तशा चार-पाच, ट्रेमध्ये पडल्या तर टणटण आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. दिवसातून पाच-सहा वेळा ट्रेमध्ये जातो, उकरतो, बसतो, कुंथतो, एक बारीक आवाज काढतो आणि तसाच बाहेर येतो, आणि मग माझ्याकडे असं बघतो की जणू मीच काहीतरी लपवून ठेवलंय.

खाणं निम्म्यावर आलंय. खायला दोन्ही वेळ ते कोरडे दाणेच, ओल्या खाण्याचं पाऊच कधीतरी लाड म्हणून. पाणी कमी पितो, आणि सध्या नाशकात थंडी तुम्हाला माहितीच आहे, सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही तर तो गार पाणी कशाला पिईल.

आता घरचे सल्ले. सासूबाई म्हणतात दुधात तूप घालून दे. सासरे म्हणतात एरंडेल पाज, आम्हाला लहानपणी दर रविवारी पाजायचे. शेजारच्या काकू मनुके भिजवून त्याचं पाणी द्या म्हणाल्या आणि वाटीभर मनुके देऊनपण गेल्या, पिंपळगावच्या भावाच्या बागेतले. उद्या रविवार, आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटणार. तोपर्यंत काय करू? भोपळा, इसबगोल वगैरे चालतं का, किती द्यायचं?

रात्रपाळी_सातपूर
शनिवार, रात्री १०:५२

सई ताई बाकी सगळं राहू द्या, आधी एक सांगा, त्याला सू होतेय का?

हे विचारतोय कारण बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय म्हटलं की आपण सगळे शीच समजतो आणि तिथेच फसतो. बोक्याची लघवीची नळी फार बारीक असते, त्यात खडा किंवा चिकट बुचासारखं अडकलं की तो अगदी असाच बसतो, असाच ओरडतो. आणि ती केस सोमवारपर्यंत थांबत नाही, एक-दोन दिवसांत जीव जातो. माझ्या भावाच्या बोक्याला आम्ही दीड दिवस पोट साफ व्हायचं औषध शोधत बसलो होतो आणि निघाली होती लघवीच. वाचला, पण कसाबसा, तीन दिवस नळी घालून ठेवला होता.

आत्ता उठा आणि ट्रे बघा. लिटर, म्हणजे ट्रेमधली विकतची माती, गोळा होणारी असेल तर सूचे ओले गोळे दिसतील. आज दिवसभरात किती आणि केवढे ते बघा. एकही नसेल किंवा हरभऱ्याएवढे बारके असतील, किंवा तो सारखा खालून चाटत असेल तर हा धागा बंद करा आणि रिक्षा बोलवा.

पाथर्डीफाट्याची_सई
शनिवार, रात्री ११:०५

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता टॉर्च घेऊन ट्रे चाळला. संध्याकाळी साफ केला होता त्यानंतरचा एक गोळा आहे, चांगला लिंबाएवढा. सकाळी दोन निघाले होते. म्हणजे सू होतेय ना?

रात्रपाळी_सातपूर
शनिवार, रात्री ११:०९

होतेय. मग श्वास घ्या. आता शीवाले लोक बोलतील, मी मशीनवर चाललो.

वाड्यातली_मावशी
रविवार, सकाळी ६:३०

अगं सई, एवढं काय घाबरायचं. आमच्या वाड्यात पंचवटीला कायम सहा-सात मांजरं असायची, कधी कुणाला डॉक्टर माहीत नव्हता. दूध-तूप कोमट करून दे, नाहीतर चमचाभर एरंडेल. आणि तान्ह्या बाळाला करतो तसं विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लाव, पाच मिनिटांत मोकळं होतंय की नाही बघ. पोटावर हिंगाचा लेप घाल. तुमच्या सोसायटीत लिटर म्हणजे विकतची माती, विकतचं खाणं, मग असंच होणार. आमची मांजरं गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन मासे खायची, अंगणातलं गवत खायची.

परळचा_पोरगा
रविवार, सकाळी ८:१५

मावशी, मी मूळ नाशिकरोडचा, सध्या परळला व्हेटरिनरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉक्टर अजून नाही, त्यामुळे मी लिहितोय ते तपासणीच्या जागी धरू नका. पण तुमच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने बिघडलेलं मांजर आमच्या ओपीडीत येतं म्हणून राहवत नाही.

दूध. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. मग लोक खूश होतात की झालं मोकळं. पण जुलाबात अंगातलं पाणी जातं, आणि आतला टणक खडा तिथेच बसलेला असतो, त्याच्या बाजूने पातळ निघून येतं एवढंच. हे लक्षात ठेवा सई ताई, थोडं पातळ काहीतरी ट्रेमध्ये दिसलं म्हणजे सुटलं असं नाही.

एरंडेल, पॅराफिन, कुठलंही तेल जबरदस्तीने तोंडात ओतायचं नाही. विशेषतः पॅराफिनला चव-वास नसतो, घशात गेलेलं मांजराला कळतपण नाही, ठसका लागत नाही आणि सरळ फुप्फुसात उतरतं, मग न्यूमोनिया. बद्धकोष्ठावर उपाय करता करता न्यूमोनिया. एरंडेलने आतडं पिळवटतं, आणि पुढे बूच असताना मागून पिळवटून काय होणार, नुसत्या कळा. देठ, साबणाची कांडी, ग्लिसरीनची बत्ती, यातलं काहीही घरी मागून घालू नका, आतली त्वचा फाटते, शिवाय सहा किलोचा बोका तुमचे हात फाडेल ते वेगळंच. हिंगाचा लेप तो चाटून टाकणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेडिकलमध्ये माणसांसाठी जो तयार फॉस्फेटचा एनिमा मिळतो तो मांजराला कधीच नाही म्हणजे नाही. रक्तात फॉस्फेट भसकन चढतं, कॅल्शियम खाली येतं, आणि मांजर दगावतं.

आता हे होतं का ते सांगतो, कारण ते कळलं की उपाय आपोआप कळतात. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घेणं. शी तिथे जितकी जास्त वेळ पडून राहील तितकी वाळत जाते, वाळली की टोचते, टोचली की मांजर दाबून ठेवतं, दाबलं की अजून वाळते. त्यात मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले, त्यांना पाणी शिकारीच्या मांसातून मिळायचं, वाटीवर जाऊन लपालपा पिण्याची सवय मुळातच कमी. साधारण हिशोब धरा, किलोमागे दिवसाला ५० मिली पाणी, अन्नातलं धरून. म्हणजे गोट्याला ३०० मिलीच्या आसपास. कोरड्या दाण्यात पाणी असतं शेकडा १० वगैरे. दिवसाला ७० ग्रॅम दाणे खाल्ले तर त्यातून मिळालं सात मिली, म्हणजे चहाचा दीड चमचा. बाकी सगळं त्याने वाटीतून प्यायचं, तेही या थंडीत. पाऊचमध्ये शेकडा ७५-८० पाणीच असतं. म्हणून भोपळा की इसबगोल हा प्रश्न दुसरा, आधी पाणी.

आज दिवसभर हे करा: दाणे बंद, पाऊच द्या आणि त्यात वरून दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवून द्या. नाही खाल्लं तर मात्र हट्ट धरून उपाशी ठेवू नका, दाणेच कोमट पाण्यात भिजवून द्या. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की चरबी लिव्हरवर चढते आणि ते प्रकरण बद्धकोष्ठापेक्षा फार वाईट.

आणि खरं सांगू का, घरचे उपाय हे एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर. निरोगी मांजर साधारण दिवस-दीड दिवसाला एकदा जातं. तुमचे चार दिवस होत आले. उलटी झाली, खाणं पूर्ण थांबलं, कोपऱ्यात जाऊन बसला, पोट हाताला टणक लागलं, यातलं काहीही झालं तर सोमवारची वाट बघू नका.

वाड्यातली_मावशी
रविवार, सकाळी ८:४०

बाळा तू शिकतोस ते बरोबरच असेल. पण वाड्यातल्या मांजरांना खरंच कधी काही झालं नाही बरं का.

परळचा_पोरगा
रविवार, सकाळी ८:४४

झालं असेल मावशी, पण ती जायची कुठेतरी माळ्यावर नाहीतर घाटावर, आणि आपण म्हणायचो मांजर गेलं वाटतं कुठं. बाकी गवताचं तुमचं खरं आहे, कुंडीत गहू पेरून त्याचे कोंब दिले तर आवडीने खातात, आणि माशातून पाणी जायचं हेपण खरंच.

लासलगावकर
रविवार, सकाळी ९:२०

सई ताई चिकनचं पाणी द्या भो, आमचा लंगड्या त्याच्यावरच जगतोय. पण एक लक्षात ठेवा, घरात रस्सा शिजलाय त्यातलंच वाटीभर काढून देऊ नका. मी कांदा मार्केटचा माणूस, कांद्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही पण मांजराला कांदा-लसूण विष आहे. कच्चा, शिजवलेला, मसाल्यातली पावडर, सगळा. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मला हे एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो, म्हटलं आमच्या गावात मग मांजर जगलंच नसतं. ते म्हणाले मांजर चावून खात नाही म्हणून जगलंय, तुम्ही रश्शातून पाजू नका.

बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात शिजवा, मीठ नाही हळद नाही काही नाही. गार झालं की वर तवंग येतो तो काढून टाका. पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, एकेक खडा कोमट करून जेवणावर घालायचा. आणि हाडं नकोत, शिजवलेली हाडं खाल्ली की पांढरी भुकटीसारखी शी होते नि तीच अडकते.

लंगड्याची गोष्ट सांगतो. रस्त्यावरचा, मोटरसायकलने उडवलेला, कमरेचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. आता वाटच अरुंद झालीय, त्यामुळे भोपळा घाला नाहीतर काही घाला, दर दीड महिन्याला अडकायचं. दोनदा एनिमा झाले. डॉक्टर म्हणाले असं वरचेवर तुंबत राहिलं की आतडं फुग्यासारखं सैल पडतं आणि मग ढकलायची ताकदच राहात नाही. आता त्याला कायमचं पातळ औषध चालू आहे आणि पातळच खाणं. सांगायचं काय, पहिल्यांदा झालंय तर ठीक, पण पुन्हा पुन्हा झालं तर एक्स-रे काढाच.

दोन_मांजरांची_आई
रविवार, सकाळी १०:०५

भोपळा आणि इसबगोलबद्दल मी लिहिते कारण माझ्या हातून दोन्ही झालंय, एक बरोबर एक चूक.

लाल भोपळा, आपला डांगर. साल काढून नुसता वाफवायचा, घोटायचा, मीठ-साखर-फोडणी काही नाही. आधी अर्धा चमचा जेवणात मिसळून बघायचा, आवडला तर एक ते दोन चमचे दिवसाला. माझी सोनी आवडीने खाते, चिंगी वाटीभोवती माती उकरल्यासारखं करते आणि निघून जाते. भोपळ्यात जादू वगैरे काही नाही, एका चमच्यात फायबर ते कितीसं असणार, पण त्यात पाणी असतं, थोडं मऊ होतं एवढंच. तुंबलेलं त्याने सुटत नाही. सुटल्यावर पुन्हा तुंबू नये म्हणून बरा.

आता इसबगोल. मागच्या वर्षी चिंगीला तीन दिवस नव्हती झाली. मी कुठेतरी वाचलं होतं पाव चमचा, मी म्हटलं पाव चमच्याने काय होणार, घातला अर्धा, तोही कोरड्या दाण्यांवर भुरभुरून. तिने खाल्लं, पाणी प्यायली नाही. संध्याकाळी उरलेली वाटी धुवायला घेतली तर तळाला थोडं पाणी लागून ते सगळं फुगून खळीसारखं घट्ट बसलं होतं, बोटाने खरवडून काढावं लागलं. मी सिंकपाशी तशीच उभी. वाटीत हे झालं तर तिच्या पोटात काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी पोट टम्म, उलटी, आणि मग भूल देऊन एनिमा. ज्या दवाखान्यात आधी नेलं होतं तिथे पोटाला हात न लावताच एक इंजेक्शन टोचून पाठवलं होतं, त्याचा राग आहेच, पण निम्मी चूक माझी.

फायबर पाणी ओढून घेतं. मांजर आधीच सुकलेलं असेल तर ते आतलंच पाणी ओढतं आणि दगड होतो. आता देते ती अशी: पाव चमचा सत इसबगोल, साधं, बिनस्वादाचं (संत्रा-लिंबू फ्लेवरवालं नको त्यात साखर नाहीतर गोडी आणणारं काहीबाही असतं), तीन-चार चमचे पाण्यात दहा मिनिटं पूर्ण फुगू द्यायचं आणि मग पाऊचमध्ये कालवायचं. तेही शी नीट चालू असताना. सई, गोट्याला आत्ता चार दिवस झालेत तर आज इसबगोल घालू नकोस असं मी म्हणेन.

परळचा_पोरगा
रविवार, सकाळी १०:२०

अगदी बरोबर. तुंबलेलं असताना फायबर नाही, हेच लिहिणार होतो.

आणि हो, मनुके! सई ताई ते मनुके काकूंना परत द्या नाहीतर तुम्ही खा. द्राक्ष-मनुक्यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होते हे पक्कं आहे, मांजरांनाही देऊ नका असंच सांगितलं जातं. भिजवलेलं पाणीसुद्धा नाही.

लासलगावकर
रविवार, सकाळी १०:२६

म्हणजे कांदापण नाही आणि द्राक्षपण नाही. मांजराने नाशिक जिल्ह्यात राहायचं तरी कशाला 😄

बोकोबा
रविवार, सकाळी ११:१०

सगळे पोटावरच बोलतायत, ट्रे कुठे ठेवलाय ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे असंच दोन-तीन दिवस दाबून ठेवायचा, डॉक्टरकडे काही निघेना. शेवटी कळलं काय, ट्रे बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी. एकदा तो बसलेला असताना मशीन स्पिनला लागलं, धडधडलं, आणि त्या दिवसापासून साहेबांनी बाल्कनीवर बहिष्कार टाकला. ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात आणला, दुसऱ्या दिवशी दोनदा.

सात वर्षांचा जाडा बोका म्हणजे गुडघे-कंबरपण धरत असेल, या थंडीत तर जास्तच. ट्रेची कड उंच असेल तर चढायला नको वाटतं. एक बाजू कापून खाली करा किंवा फळांचा उथळ क्रेट घ्या. मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त असा नियम सांगतात, फ्लॅटमध्ये जागा कुठून आणायची हा प्रश्न आहेच, पण निदान दिवसातून दोनदा उपसा.

पाण्याचं पण तसंच. जेवणाच्या वाटीला लागून पाणी ठेवलं तर बरीच मांजरं पीत नाहीत. चार ठिकाणी ठेवा, पसरट भांडी, मिशा कडेला घासल्या तर काहींना चालत नाही. स्टीलची परात ठेवलीत तरी चालेल. आमचा तर बाथरूममधल्या बादलीतूनच पितो, सकाळी मीटरभर रांग असते त्याची नि माझी. कोमट केलं तर थंडीत दोन घोट जास्त जातात.

पाथर्डीफाट्याची_सई
रविवार, दुपारी १:३०

सगळ्यांचे किती आभार मानू. सकाळपासूनचा रिपोर्ट: मनुके सासऱ्यांनी खाल्ले. एरंडेलाची बाटली मी डाळीच्या डब्यामागे लपवलीय. चिकनचं पाणी केलं, बिनकांद्याचं, पाऊचमध्ये घालून दिलं तर आधी पंजाने वाटी ढकलली, मग अर्ध्या तासाने येऊन वरचं सगळं पाणी चाटून गेला आणि घास तसेच ठेवले. सू एकदा झाली. शी नाही.

हळूच पोटाला हात लावून बघितला, मागच्या बाजूला, मांड्यांच्या पुढे, बोटाएवढी जाड कांडी लागली, सलग, टणक. मी दाबलं नाही पण त्याने लगेच मागे वळून बघितलं.

परळचा_पोरगा
रविवार, दुपारी १:४१

ती कांडीच आहे बहुतेक. परत परत चाचपू नका. ताई, माझं मत विचाराल तर आजच न्या. रविवारी उघडा दवाखाना शोधून आधी फोन करून एक्स-रेची सोय आहे का ते विचारा.

पाथर्डीफाट्याची_सई
रविवार, दुपारी ४:०५

आत्ता पिवळी फेसाळ उलटी केली. निघतोय. गंगापूर रोडला एक उघडा मिळाला. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते सगळे खोदलेत, बाबा पुढे बसलेत आणि प्रत्येक खड्ड्याला म्हणतायत, याच्यानेच मोकळं होईल बघ.

पाथर्डीफाट्याची_सई
सोमवार, रात्री ९:१५

कालच लिहायचं होतं पण हातपाय गळले होते.

एक्स-रेमध्ये आतडं शीने भरलेलं दिसलं, खडूच्या कांड्या एकापुढे एक मांडून ठेवाव्यात तशा. कंबरेचं हाड ठीक आहे, जुनं काही मोडलेलं नाही. वजन ६.४ निघालं, त्यावरून मला बोलणी बसली. आधी मानेपाशी कातडीखाली सलाईन दिलं, तिथे पाण्याची पिशवी लोंबल्यासारखं उंट झाला होता, ते दोन-तीन तासांत जिरलं. मग गुंगी देऊन कोमट पाण्याचा एनिमा, हळूहळू, दोनदा करावा लागला. डॉक्टर म्हणाल्या घाईने घातला तर उलटी होते आणि आतडं फाटायचीही भीती, म्हणून वेळ लागतो. रक्त तपासलं, कारण वय झालेल्या मांजरात किडनी ढिली पडली की सू जास्त जाते, अंग सुकतं आणि मग शी घट्ट होते. गोट्याची किडनी नॉर्मल आली. म्हणजे दोष दाणे, थंडी आणि लठ्ठपणाचा.

औषध लॅक्ट्युलोज दिलंय, माणसांचंच सिरप, पण किती मिली ते त्याच्या वजनावर लिहून दिलंय आणि शी पातळ झाली की कमी करायचं असं सांगितलंय, त्यामुळे इथे आकडा लिहीत नाही, प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरला विचारा. ते आतड्यात पाणी ओढून आणतं म्हणे. सिरप एवढं गोड आणि चिकट आहे की माझी ओढणी, त्याची छाती आणि फ्रीजचं हँडल सगळं चिकटतंय. मला वाटलं गोड आहे तर आवडीने घेईल.

परळचा_पोरगा
सोमवार, रात्री ९:३०

मांजराला गोड चव कळतच नाही ताई, जिभेवर गोडाचा सेन्सरच काम करत नाही त्यांच्या. त्याच्यासाठी तो फक्त चिकट त्रास आहे. सिरिंजने गालाच्या बाजूने थोडं थोडं द्या, डोकं वर करून घशात सोडू नका. नाहीतर पाऊचमध्ये मिसळून बघा.

काल दाणे बंद म्हटलं ते त्या दिवसापुरतं, आता कायमसाठी दाण्यांवरून पाऊचवर एकदम उडी मारू नका, आठ-दहा दिवस घ्या, रोज थोडे दाणे कमी. आणि आठवड्यातून तीन-चार वेळा कंगवा फिरवा, पोटात जाणारे केसही त्या कांडीत विणले जातात.

वाड्यातली_मावशी
सोमवार, रात्री ९:५०

बरं झालं गं नेलंस. त्याची दृष्ट काढ मात्र, त्याला काही साइड इफेक्ट नाही ना रे बाळा?

परळचा_पोरगा
सोमवार, रात्री ९:५२

मीठ-मोहरी त्याच्या तोंडात जात नसेल तर काही नाही मावशी 🙏

पाथर्डीफाट्याची_सई
बारा दिवसांनी, सकाळी ७:२०

धागा वर काढते कारण दोन-तीन जणांनी विचारपुशीत विचारलं गोट्याचं काय झालं.

एनिमानंतर पहिले दोन दिवस काहीच नाही, मला परत घाम. पण डॉक्टर म्हणाल्या होत्या आतडं रिकामं झालंय, भरायला वेळ लागेल. तिसऱ्या दिवशी झाली. आता दिवसाआड होते, कधी रोज. आता पाऊच दोन वेळा, रात्री मूठभर दाणे, तेही भिजवून, आणि दुपारच्या पाऊचमध्ये एक चमचा डांगर. वाटीतलं पाणी किती कमी होतं ते मी मोजायला लागले होते, मापाच्या पेल्याने, नवरा म्हणाला तुला धरणाची पातळी मोजायला गंगापूरला पाठवतो. पाऊच चालू झाल्यापासून वाटीतलं पाणी कमी पितो पण सूचे गोळे मोठे झालेत, म्हणजे पाणी पोटात जातंय. इसबगोल घातलंच नाही.

ट्रे बाल्कनीतून आत घेतला. आमचापण मशीनशेजारीच होता, बोकोबा. पाण्याची एक परात देवघराच्या खाली ठेवलीय, तिथेच सगळ्यात जास्त पितो, सासूबाई म्हणतात तीर्थ घेतो.

आणि एरंडेलवाले सासरे आता ट्रेचे इन्चार्ज झालेत. रोज सकाळी सहाला स्वेटर, कानटोपी, हातात उपसायचा चमचा. आज मी चहा टाकत होते तर बाहेरून हाक आली, "सई, ये बघायला! दोन आहेत, मऊ आहेत, आणि रंगपण चांगला आहे." गेले, बघितलं. खरंच चांगला होता.

लासलगावकर
बारा दिवसांनी, सकाळी ७:४१

फोटो नका टाकू ताई, मी मिसळ खायला बसलोय.